स्क्रिप्ट लिहिली, आता ती दुसऱ्याच्या संगणकावर बसवायची कशी?

मागच्या अंकात वाचकांना विचारलं होतं: पायथनमध्ये लिहिलेली तुमची स्क्रिप्ट दुसऱ्याला वापरायला देताना नेमकं कुठे अडतं? पत्रं मुख्यतः नागपुरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आली. लिहिणाऱ्यांत सॉफ्टवेअर कंपनीतलं जवळजवळ कोणी नाही. हिशोब सांभाळणारे, शिकणारे, स्टुडिओ चालवणारे अशी ही माणसं. आपलं रोजचं काम हलकं व्हावं म्हणून त्यांनी स्वतः कोड लिहिला आणि आता तो शेजारच्या टेबलावर चालावा असं त्यांना वाटतं. या प्रश्नांना मी मनापासून जागा देते आहे, कारण कोड लिहायला शिकवणारे पुष्कळ भेटतात, तो नीट बसवून द्यायला शिकवणारे फार थोडे.

एक सूचना. कमांडी आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच करायची.

कळमना मार्केटमधून

«मी एका अडतीच्या दुकानात हिशोब पाहतो. संत्र्याच्या हंगामात दिवसभराच्या काटापट्ट्या एक्सेलमध्ये भरतो, संध्याकाळी शेतकऱ्यागणिक पट्टी काढावी लागते. त्यासाठी व्हिडिओ पाहून पाहून पायथनची स्क्रिप्ट लिहिली. हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी तयार होते. माझ्या संगणकावर मस्त चालते. दुकानात अजून दोन विंडोजचे संगणक आहेत. पेन ड्राइव्हनं फोल्डर नेऊन दिलं, तर एकावर ‘नो मॉड्यूल नेम्ड ओपनपायएक्सएल’ म्हणते, अन् दुसऱ्यावर चालते पण हमालीचा जुनाच दर लावून राहिली. पायथन दोन्हीवर आहे. ताई, एकदाच नीट बसवून देता येईल का? रोज सगळे माझ्याच टेबलापाशी येऊन राहिले.»

येईल भाऊ, आणि ते लवकर करा. पट्टीवरचा आकडा म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारे पैसे. एकाच दुकानात दोन संगणक दोन दर लावत असतील तर ते तसंच चालू ठेवता येणार नाही.

तुमच्या पत्रात दोन निरनिराळ्या अडचणी आहेत. एक्सेल वाचणारी ओपनपायएक्सएल ही लायब्ररी तुमच्या फोल्डरमध्ये कधी नव्हतीच. तुम्ही कधीतरी पिपनं, म्हणजे लायब्ररी आणून बसवणाऱ्या पायथनच्या साधनानं, इन्स्टॉल केलं तेव्हा ती तुमच्या पायथनच्या साइट-पॅकेजेस या फोल्डरात जाऊन बसली. पेन ड्राइव्हवर तुमचा कोड गेला, ती मागेच राहिली. दुसरी अडचण दराची: फोल्डर कॉपी केलं की त्या क्षणापासून त्या दोन प्रतींचा एकमेकींशी संबंध संपतो. तुम्ही तुमच्याकडे दर बदलला, तिकडच्या प्रतीला ते कळायला काही मार्ग नाही. कोणती प्रत कधीची, हे सांगणारी खूणही नाही.

दोन्हींवर उपाय एकच: स्क्रिप्टचं पॅकेज करा, म्हणजे कोड, त्याला काय लागतं त्याची यादी आणि व्हर्जन हे सगळं बसवता येईल अशा एका फाइलीत बांधा. वाटतं तितकं ते अवघड नाही. आधी कोडकडे पाहू. तुमची स्क्रिप्ट बहुधा वरून खालपर्यंत सरळ चालत जाते. ते सगळं मेन नावाच्या एका फंक्शनमध्ये घाला, आणि कोणती एक्सेल फाइल वाचायची हे फंक्शनच्या आत आर्गपार्सनं, म्हणजे कमांडपुढे टाइप केलेलं वाचणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलनं, घ्या. मग फोल्डरची मांडणी. बाहेरचं फोल्डर ‘पट्टी-हिशोब’. त्यात ‘एसआरसी’. त्याच्या आत ‘पट्टी_हिशोब’, इथे मात्र अंडरस्कोर, कारण इम्पोर्टच्या ओळीत मधली आडवी रेघ चालत नाही, पायथन तिला वजाबाकी समजतो. या आतल्या फोल्डरात ‘काम.पाय’ या नावानं तुमचा कोड ठेवा आणि शेजारी एक रिकामी ‘__इनिट__.पाय’. एसआरसी हवंच का, असं पुष्कळ जण विचारतात. हवं. तुमच्या फोल्डरात उद्या ‘जुने’, ‘दर’, ‘बिले’ अशी पिल्लं जमणार, आणि मग पॅकेज बांधणारं सेटअपटूल्स गोंधळून ‘मल्टिपल टॉप-लेव्हल पॅकेजेस’ म्हणत थांबतं. एसआरसी असलं की ते फक्त तिथेच पाहतं.

आता बाहेरच्या फोल्डरात ‘पायप्रोजेक्ट.टॉमल’ नावाची साधी मजकूर फाइल करा:

[बिल्ड-सिस्टीम]
रिक्वायर्स = ["सेटअपटूल्स"]
बिल्ड-बॅकएंड = "सेटअपटूल्स.बिल्ड_मेटा"

[प्रोजेक्ट]
नेम = "पट्टी-हिशोब"
व्हर्जन = "१.०"
रिक्वायर्स-पायथन = ">=३.१०"
डिपेन्डन्सीज = ["ओपनपायएक्सएल"]

[प्रोजेक्ट.स्क्रिप्ट्स]
पट्टी = "पट्टी_हिशोब.काम:मेन"

डिपेन्डन्सीजच्या ओळीनं पहिली अडचण संपते: पॅकेज बसवताना ओपनपायएक्सएल आपोआप आणली जाते. शेवटची ओळ सगळ्यांत कामाची. डावीकडे आहे ते माणसानं टाइप करायचं नाव. उजवीकडे, कोलनच्या आधी कोणत्या मॉड्यूलमध्ये शोधायचं ते आणि कोलननंतर कोणतं फंक्शन हाक मारायचं ते. बसवताना पिप ही ओळ वाचून विंडोजवर ‘पट्टी.ईएक्सई’ अशी एक छोटी फाइल तयार करतो. तिच्यात तुमचा कोड नसतो. योग्य पायथन शोधून तुमचं मेन चालवायचं, एवढंच ती करते. त्यामुळे कोणत्याही फोल्डरात उभं राहून नुसतं ‘पट्टी’ म्हटलं तरी चालतं. पायथन शब्द नको, डॉट पाय नको, फाइलचा पत्ता नको.

बांधणीसाठी तुमच्या संगणकावर ‘पाय -एम पिप इन्स्टॉल बिल्ड’ आणि नंतर बाहेरच्या फोल्डरात ‘पाय -एम बिल्ड’. ‘डिस्ट’ नावाचं फोल्डर तयार होईल, त्यात डॉट डब्ल्यूएचएल अशी फाइल. हिला व्हील म्हणतात. ती एक झिप फाइलच असते, उघडून पाहता येते, आणि एकदा अवश्य पाहा. पेन ड्राइव्हवर न्यायची ती हीच.

दुकानातल्या दुसऱ्या संगणकांवर आधी पिपएक्स बसवा: ‘पाय -एम पिप इन्स्टॉल --यूजर पिपएक्स’, मग ‘पाय -एम पिपएक्स एन्शुअरपाथ’. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर नवा पाथ (कमांडी शोधायच्या फोल्डरांची यादी) त्याला दिसणार नाही. बहुतेकांचं इथेच अडतं आणि दोष कोडला जातो. मग ‘पिपएक्स इन्स्टॉल’ आणि पुढे त्या व्हील फाइलचा पत्ता. पिपएक्स प्रत्येक साधनासाठी वेगळी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे बाकीच्यांपासून अलग असं पायथनचं फोल्डर, करतो, त्यात ओपनपायएक्सएल आणून ठेवतो आणि ‘पट्टी’ ही कमांड तेवढी बाहेर देतो. पहिल्यांदा बसवताना इंटरनेट लागेल.

कोड बदलला की टॉमलमधला व्हर्जन वाढवा, पुन्हा बिल्ड करा आणि नवीन व्हील ‘पिपएक्स इन्स्टॉल --फोर्स’नं बसवा. आकडा वाढवायचा कंटाळा करू नका. तो न वाढवता दिलेली फाइल म्हणजे पुन्हा ‘कोणती प्रत कधीची’ हाच प्रश्न.

आणि दर. हमालीचा दर कोडमध्ये ठेवूच नका. तिन्ही संगणकांना दिसेल अशा सामायिक फोल्डरात दरांची एक फाइल ठेवा आणि स्क्रिप्ट ती तिथून वाचू द्या. ती सापडली नाही तर पट्टी निघताच कामा नये, कोडमधला जुना दर गुपचूप लावणं तर अजिबात नको. पट्टीच्या तळाशी बारीक अक्षरात लावलेला दर आणि स्क्रिप्टचा व्हर्जन छापा. ‘इम्पोर्टलिब.मेटाडेटा’मधलं व्हर्जन फंक्शन तो आकडा बसवलेल्या पॅकेजमधून वाचून देतं. शेतकरी पट्टी घेऊन परत आला तर ती कोणत्या संगणकावरून, कोणत्या दरानं निघाली हे दोघांनाही कागदावरच दिसेल.

अमरावती रोडवरून

«मी विद्यापीठाच्या कॅम्पसमध्ये पीएच.डी. करते. विहिरींच्या पाणीपातळीच्या सीएसव्ही फाइली साफ करायची माझी स्क्रिप्ट आहे. नव्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ टाकलं, आणि आता पिप इन्स्टॉल म्हटलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा एरर येतो. मैत्रीण म्हणते सुडो लाव. सीनियर म्हणतात ‘--ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस’ लाव, लगेच होतं. कोणाचं ऐकू?»

दोघांचंही नको. ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ असं नाव त्या पर्यायाला मुद्दाम दिलं आहे, वाचणाऱ्यानं थांबावं म्हणून. पिपला असं अडवायची सोय पायथनच्या पीईपी ६६८ या ठरावात आली आणि २०२३ पासून उबुंटू आणि डेबियन ती पाळतात.

कारण समजलं की राग जातो. उबुंटूची स्वतःची पुष्कळ साधनं पायथनमध्ये लिहिलेली आहेत आणि ती त्याच पायथनवर चालतात. त्यांना लागणाऱ्या लायब्ररी एपीटी हे उबुंटूचं सॉफ्टवेअर बसवणारं साधन बसवतं. तुम्ही सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकारानं, पिप चालवला की त्याच लायब्ररीची दुसरी, बहुधा नवी आवृत्ती ‘यूएसआर/लोकल’मध्ये येते, आणि पायथन शोधताना ती आधी सापडते. तुमची स्क्रिप्ट खूश. पण उबुंटूचं एखादं साधन जुन्या आवृत्तीवर तपासलेलं असतं, त्याच्या हातात आता नवीन आली. ते लगेच मोडेल असं नाही, चार महिन्यांनी अपडेट करताना मोडेल, आणि तेव्हा तुमचा प्रबंध तोंडावर असेल.

तुमच्या कामाचे दोन भाग करा. नोटबुकमध्ये पांडाज वापरून आलेख काढणं हे लायब्ररीचं काम, त्यासाठी प्रकल्पाच्या फोल्डरात ‘पायथन३ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह’ करून एक व्हेन्व्ह, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, तयार करा आणि त्यात पिप वापरा. तिथे हा एरर येत नाही. साफसफाईची स्क्रिप्ट हे साधन आहे, कुठूनही चालावं असं. तिचं वर कळमन्याच्या भाऊंना सांगितलं तसं पॅकेज करा, ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पिपएक्स’, ‘पिपएक्स एन्शुअरपाथ’, नवीन टर्मिनल, आणि स्क्रिप्टच्या फोल्डरात ‘पिपएक्स इन्स्टॉल .’, शेवटचा टिंब धरून. तो टिंब म्हणजे ‘हेच फोल्डर’.

कोड रोज बदलत असाल तर स्वतःच्या व्हेन्व्हमध्ये ‘पिप इन्स्टॉल -ई .’ करा. यात फाइली कॉपी होत नाहीत, पायथनला तुमच्या फोल्डरचा पत्ता दिला जातो. कोडमध्ये ओळ बदलली की कमांडमध्ये लगेच बदल दिसतो. टॉमलमध्ये नवीन कमांड जोडली तर मात्र तो इन्स्टॉल पुन्हा करावा लागतो.

बसवून झाल्यावर एक गोष्ट करून पाहा. तुमच्या होम फोल्डरातल्या ‘.लोकल/बिन’मध्ये तुमच्या कमांडच्या नावाची फाइल दिसेल, ती ‘कॅट’नं उघडा. जेमतेम काही ओळी आहेत. पहिल्या ओळीत त्या एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता, मग तुमच्या मॉड्यूलमधून मेनचा इम्पोर्ट, आणि शेवटी ‘सिस.एक्झिट(मेन())’. एवढंच. त्या पहिल्या ओळीमुळेच व्हेन्व्हचं फोल्डर दुसरीकडे हलवलं किंवा त्याचं नाव बदललं की ‘बॅड इंटरप्रिटर’ येतं: ओळीतला पत्ता जुनाच राहतो. हलवायचं नाही, नवीन करायचं.

शेवटची ओळ डोळ्यांसमोर ठेवा, पुढचं पत्र तिच्याबद्दलच आहे.

इतवारीतून

«आमच्या पतसंस्थेत कर्जाच्या हप्त्याची आठवण देणारे मेसेज पाठवायची स्क्रिप्ट मी लिहिली. आधी ‘पाय आठवण.पाय’ अशी चालवत होतो. आता पॅकेज करून ‘आठवण’ ही कमांड केली आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये रोज सकाळी लावली. मेसेज बरोबर जातात, सभासदांचे फोनही येतात. पण ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये कधी ०एक्सडी६ दिसतं, कधी ०एक्स५ए. व्यवस्थापक म्हणतात, ०एक्स० दिसल्याशिवाय हे भरवशाचं मानणार नाही. कोडमध्ये तर चूक सापडत नाही जी.»

व्यवस्थापकांचं बरोबर आहे आणि तुमचा कोडही जवळजवळ बरोबर आहे. ०एक्सडी६ म्हणजे साध्या आकड्यांत २१४. ०एक्स५ए म्हणजे ९०. त्या त्या दिवशी किती सभासदांना मेसेज गेले ते रजिस्टरमध्ये पाहा. माझी खात्री आहे की हेच आकडे निघतील.

तुमचं मेन फंक्शन शेवटी पाठवलेल्या मेसेजची संख्या रिटर्न करत असणार. जुन्या पद्धतीत फाइलच्या तळाशी नुसतं ‘मेन()’ लिहिलं होतं, परत आलेला आकडा कोणी घेत नव्हतं. आता स्क्रिप्टची कमांड केल्यामुळे तो ‘सिस.एक्झिट’च्या हातात जातो आणि एक्झिट कोड म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमला कळवला जातो. आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या भाषेत ० म्हणजे काम झालं, बाकी कोणताही आकडा म्हणजे काहीतरी बिघडलं. तुमची स्क्रिप्ट २१४ लोकांना मेसेज पाठवून शेड्युलरला सांगते आहे, ‘बिघाड क्रमांक २१४’.

याच जागी आणखी खड्डे आहेत. मेननं काही रिटर्न केलं नाही तर पायथन ० धरतो, ते ठीक. पण पुष्कळ जण यश कळवायला ‘रिटर्न ट्रू’ लिहितात. पायथनमध्ये ट्रू म्हणजे १, म्हणून यशाचा निरोप अपयश म्हणून पोहोचतो. मजकूर रिटर्न केला, समजा ‘सर्व मेसेज गेले’, तर तो एररच्या वाटेनं पडद्यावर छापला जातो आणि एक्झिट कोड १ जातो. लिनक्सवर तर त्याहून वाईट: तिथे एक्झिट कोडचे फक्त शेवटचे आठ बिट उरतात. एखाद्या दिवशी बरोबर २५६ मेसेज गेले तर ० दिसेल, सगळं सुरळीत आहे असं वाटेल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोंधळ.

दुरुस्ती एका ओळीची. संख्या प्रिंट करा किंवा लॉग फाइलमध्ये लिहा, आणि शेवटी ‘रिटर्न ०’. एक जरी मेसेज गेला नाही तर ‘रिटर्न १’, आणि कोणाला गेला नाही त्याची नोंद लॉगमध्ये. २ हा आकडा वापरू नका, चुकीचे पर्याय दिले की आर्गपार्स तो आपणहून वापरतं. व्यवस्थापकांना मग ०एक्स० दिसेल आणि त्याला खरा अर्थ असेल. ज्या सभासदाला आठवण मिळाली नाही त्याला उशिराचा दंड पडू शकतो, म्हणून हा आकडा खरा असणं महत्त्वाचं.

याला लागूनच हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजातल्या सरांचा प्रश्न: विद्यार्थ्यांच्या कमांडी ‘मेन() मिसिंग १ रिक्वायर्ड पोझिशनल अर्ग्युमेंट’ म्हणून का थांबतात? सर, त्या शेवटच्या ओळीत मेनचे कंस रिकामे आहेत. मुलांनी आर्गपार्सचा कोड ‘इफ __नेम__ == "__मेन__"’च्या खाली ठेवला असेल आणि तिथून फाइलचं नाव मेनला दिलं असेल. कमांडीतून चालताना तो ब्लॉक चालतच नाही, कारण मॉड्यूल इम्पोर्ट होतं. त्या ब्लॉकमध्ये जे आहे ते सगळं मेनच्या आत न्यायला सांगा.

सदरमधून

«आमचा फोटो स्टुडिओ आहे. फोटोवर आमचा लोगो टाकणारी कमांड मुलीनं बनवून दिली. तिच्या फोल्डरातून चालते. लग्नाच्या फोटोंच्या फोल्डरात जाऊन चालवली की ‘लोगो.पीएनजी सापडत नाही’ म्हणते. प्रत्येक फोल्डरात लोगो कॉपी करून ठेवतो सध्या.»

दादा, मुलीला सांगा, ‘ओपन’ला नुसतं ‘लोगो.पीएनजी’ दिलं की पायथन ते चालू फोल्डरात शोधतो, म्हणजे तुम्ही जिथे उभे आहात तिथे. फोटोंसाठी हेच हवं. लोगो मात्र साधनाचा भाग आहे, तो साधनासोबत प्रवास करायला हवा. तो आतल्या पॅकेजच्या फोल्डरात, कोडच्या शेजारी ठेवायचा आणि ‘इम्पोर्टलिब.रिसोर्सेस’च्या फाइल्स फंक्शननं उघडायचा. ही सोय पायथन ३.९ पासून आहे.

एवढ्यानं भागत नाही. सेटअपटूल्स व्हीलमध्ये डॉट पाय फाइली घेतं, चित्रं आपणहून घेईलच असं नाही. टॉमलमध्ये ‘[टूल.सेटअपटूल्स.पॅकेज-डेटा]’ हा भाग करून त्यात पॅकेजच्या नावापुढे ‘["*.पीएनजी"]’ लिहावं लागतं. मग बिल्ड झाल्यावर ‘पाय -एम झिपफाइल -एल’ आणि व्हीलचं नाव असं म्हणून आतली यादी पाहायची. यादीत लोगो दिसला तर तो तुमच्या संगणकावर पोहोचेल. ही तपासणी मुलीच्या संगणकावर कमांड चालवून होत नाही, कारण तिच्याकडे लोगो आधीच पडलेला आहे.

नंदनवनमधून

«माझ्याकडच्या पुस्तकात ‘फ्रॉम डिस्ट्यूटिल्स.कोअर इम्पोर्ट सेटअप’ असं आहे. नवीन पायथनवर तेच चालत नाही.»

चालणार नाही. डिस्ट्यूटिल्स हे पॅकेज बांधायचं जुनं साधन २००० च्या सुमारास पायथनमध्ये आलं, २०२१ मध्ये ३.१० सोबत ते जाणार असल्याची सूचना सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३.१२ मधून ते काढून टाकलं. पुस्तकातलं बाकी पायथन शिका, हे प्रकरण सोडून द्या आणि वरची टॉमल फाइल वापरा. जुन्या प्रकल्पात सेटअप.पाय दिसली तर घाबरू नका, सेटअपटूल्स ती अजून वाचतं. नवीन कामात मात्र ती नको: सेटअप.पाय हा चालणारा कोड आहे, पॅकेजचं नाव आणि डिपेन्डन्सी कळायलाही तो चालवावा लागतो. टॉमल नुसती वाचली तरी पुरते.

बुटीबोरीहून

«कारखान्यातल्या मशिनच्या संगणकाला इंटरनेट नाही आणि देणारही नाहीत. तिथे स्क्रिप्ट कशी बसवू?»

इंटरनेट असलेल्या संगणकावर ‘पिप डाउनलोड -डी सामान’ आणि पुढे तुमच्या व्हीलचा पत्ता द्या. तुमची आणि तिला लागणारी सगळी व्हील्स ‘सामान’ फोल्डरात जमतील. ते पेन ड्राइव्हवर न्या, तिथे एक व्हेन्व्ह करा आणि ‘पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स सामान’ म्हणून पॅकेजचं नाव द्या. नो-इंडेक्स म्हणजे बाहेर शोधायला जाऊ नकोस. मात्र दोन्ही संगणकांवर ऑपरेटिंग सिस्टीम आणि पायथनची आवृत्ती सारखी ठेवा. नमपायसारख्या लायब्ररींची व्हील्स प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी असतात, ३.१२ साठी उतरवलेलं ३.११ वर बसत नाही. फाइलच्या नावात ‘सीपी३१२’ असं काही दिसलं तर ते त्याचंच. ‘पाय३-नन-एनी’ असेल तर ते कुठेही चालतं, तुमचं स्वतःचं व्हील तसंच असेल.

मनीषनगरमधून

«माझी स्क्रिप्ट तिघा-चौघांना आवडली. पीवायपीआयवर टाकू का? की एवढ्या लहान फाइलसाठी हे सगळं नकोच?»

तिघा-चौघांसाठी पीवायपीआय, म्हणजे पायथनची पॅकेजं ठेवायची सार्वजनिक साइट, नको, ताई. तिथे टाकलेलं जगातला कोणीही उतरवून वाचू शकतो. पासवर्ड, एपीआयची किल्ली, ग्राहकांची यादी, चुकून फोल्डरात राहिलेलं काहीही. आवृत्ती काढून टाकली तरी ज्यांनी उतरवली त्यांच्याकडे ती राहते, आणि त्याच नावाची फाइल पुन्हा चढवता येत नाही. अनोळखी लोकांनाही उपयोग होईल असं काही असेल आणि त्यांच्या तक्रारींना उत्तर द्यायची तयारी असेल, तेव्हा जरूर टाका. आधी टेस्ट पीवायपीआयवर सराव करा, ती याच कामासाठी ठेवलेली वेगळी साइट आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: एकच फाइल असेल आणि घेणारे ओळखीचे असतील तर पॅकेजशिवायही भागतं. पीईपी ७२३ नं स्क्रिप्टच्या डोक्यावरच डिपेन्डन्सी लिहायची सोय दिली. ‘# /// स्क्रिप्ट’ या ओळीनं सुरुवात, खाली प्रत्येक ओळीआधी # ठेवून ‘रिक्वायर्स-पायथन’ आणि ‘डिपेन्डन्सीज’, आणि ‘# ///’नं शेवट. पायथनला या सगळ्या नुसत्या टिप्पण्या आहेत. पण यूव्ही नावाचं २०२४ मध्ये आलेलं साधन त्या वाचतं: ‘यूव्ही रन’ म्हणून फाइलचं नाव दिलं की ते एन्व्हायर्नमेंट करतं, लायब्ररी आणतं आणि स्क्रिप्ट चालवतं. समोरच्याकडे फक्त यूव्ही हवं. पिपएक्सही ‘पिपएक्स रन’नं अशा फाइली चालवतो.

फाइलीच्या दोन झाल्या, किंवा कोणी ‘तुमच्याकडे कोणती आवृत्ती आहे?’ असं विचारू लागलं, की पायप्रोजेक्ट.टॉमल लिहायला घ्या. डिपेन्डन्सीजची ओळ तशीच उचलून तिकडे ठेवता येते.